सोमवारचं मौन

वडवणीत पोरीनं रस्त्यावर सायकल दामटली की लोक बोलतात, म्हणून सायकल दुरुस्तीवाल्या जमीलभाईंनी मागचं चाक अधांतरी फिरेल असा स्टँड करून दिला होता. पुण्याच्या ट्रायथलॉनआधी, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा शर्यतीआधी, माझ्या रुद्राणीनं त्यावर मधल्या खोलीत सलग चार तास पायडल मारले.

“आई, झाले गं चार तास!”

तेवढ्यात तिचे वडील आले. “एसटीडीवरून कळवून आलो, पोरगी येत न्हाई म्हणून. चड्डीवर पळायचं म्हणं!”

“कावून, दादा? तुमीच तर हो म्हणलता. आई, तू तरी बोल की!”

सोमवारी सूर्यास्तापर्यंत माझं मौन असतं. मी माळ ओढत राहिले. एका शब्दासाठी महादेव काही रागावला नसता. पण खरं सांगते, मौन आहे याचं मला तेव्हा बरंच वाटलं.