नऊ तुकडे आणि डावा हात

गिऱ्हाइकं त्याला कारागीर म्हणत. वस्तरा असा फिरवायचा की माणूस खुर्चीतच डुलक्या घेऊ लागे. मग एका सकाळी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात खांद्यापासून जड होऊन बसला. चालणं-बोलणं हळूहळू ताळ्यावर आलं, हात मात्र रुसला तो रुसलाच. सलून भाच्याने सांभाळायला घेतलं आणि कारागीर घरी खिडकीपाशी बसू लागला.

बायकोने त्याचं सगळं अंगावर घेतलं. घास मोडून देई, चपला पायापुढे सरकवी, चहा सांडू नये म्हणून कप अर्धाच भरी. त्यात माया होती हे त्याला कळत होतं, म्हणून तर धड रागावताही येत नव्हतं.

हाताला काहीतरी काम द्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. रबरी चेंडू दाबून दाबून तो कंटाळला. तेव्हा शेजारणीने वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या गोधडीच्या वर्गाचा विषय काढला. सुईत दोरा ओवता येत नसेल तरी घेतात म्हणे. बायको आधी हसली, मग नवऱ्याचा चेहरा बघून तिने हसू आवरलं. तो दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव घालून आला.

वर्गात सगळ्या बायका, पुरुष तो एकटा. शिवणबाई कमी बोलणाऱ्या आणि त्याहून कमी कौतुक करणाऱ्या. त्यांनी नवशिक्यांना एकच काम दिलं होतं: नऊ तुकड्यांचा एक चौकोन. पाच निळे, चार पांढरे, एकाआड एक. तीन-तीन तुकड्यांच्या ओळी शिवायच्या आणि मग त्या ओळी एकमेकींना जोडायच्या. ऐकायला सोपं. पण प्रत्येक शिवण कडेपासून सारख्या अंतरावर हवी. एका ठिकाणी दोऱ्याएवढी चूक झाली की ती पुढच्या तुकड्याच्या गळ्यात पडते, आणि शेवटी कोपरे एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात.

सोप्या कामाला लोक डाव्या हाताचा मळ म्हणतात. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं, त्याने डाव्या हातात सुई धरून पाहिली नसणार. उजवा हात कापडावर नुसता पडून राही. सुई बोटात घुसे, दोरा गुंते, टाका एक इकडे तर एक तिकडे. नऊ तुकड्यांनी कारागिराच्या नाकी नऊ आणले. घरी बायको सारखी म्हणे, द्या इकडे, दोन टाके घालते. तो मान हलवून नको म्हणे. कशाबशा तीन ओळी झाल्या. मधली सगळ्यात वाकडी.

पुढच्या वर्गाला बाईंनी नेमकी तीच ओळ उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि सगळ्यांना दाखवली.

"टाका असा हवा," त्या म्हणाल्या.

बायका कौतुकाने बघू लागल्या. कारागिराने ओळ हातात घेतली. बारीक, सरळ, एकमेकांना चिकटून बसलेले टाके. हा हात त्याने ओळखला. त्याच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी याच हाताने उलटवून शिवल्या होत्या. त्याचे कान तापले. गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"बाई, ही ओळ माझी नाही," तो म्हणाला. "टाके उसवायची आकडी द्या."

त्याने ती ओळ उसवली. मग आपल्या दोन्हीही उसवल्या. खोलीत दोरे तुटण्याचा बारीक आवाज तेवढा होता. कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर बायकोने लपवलं नाही.

"वाकडी झाली होती हो," ती म्हणाली. "तुम्ही इतके रडकुंडीला आलेले मला बघवेना."

"मग बघू नकोस. पण वाकडी असली तरी माझी असू दे."

ती पदराने डोळे टिपत आत गेली, आणि त्या दिवसापासून तो शिवायला बसला की मुद्दाम गॅलरीत जाऊन उभी राहू लागली.

असंच एकदा शिवता शिवता त्याला दाढीची आठवण झाली. वस्तरा कधी दाबायचा नसतो, कातडी ताणून धरायची असते. इथे तर तो सुईच ढकलत बसला होता! त्याने जड उजवा हात उचलून नीट कापडावर ठेवला आणि डाव्या हाताने दुसरं टोक ओढून टाचण्यांनी मांडीवरच्या उशीला पक्कं केलं. कापड गालासारखं ताणलं गेलं. सुई सरळ आत गेली, सरळ बाहेर आली. एवढे दिवस ओझं वाटलेला हात आता कामाला लागला होता.

ओळी झाल्या. बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याने शिवणीच्या कडा निळ्या कापडाकडे वळवून इस्त्री केली, म्हणजे ओळी जोडताना त्या एकमेकींत अडकून घट्ट बसतात. शेवटचा टाका त्याने वर्गातच घातला आणि चौकोन उलगडून टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा चढवला, पट्टी उभी लावली, आडवी लावली, कोपऱ्यातून कोपऱ्यात लावली. आतले चारही कोपरे टोकाला टोक भिडलेले होते.

"यात मला सांगण्यासारखं काही नाही," बाई म्हणाल्या.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या तोंडून एवढं ऐकण्याची त्या कधीपासून वाट बघत होत्या.

घरी बायकोने चौकोन उजेडात धरला, प्रत्येक शिवणीवरून अंगठा फिरवला. खोट काढायला तिचा अंगठा पक्का होता. काही सापडलं नाही तशी तिने चौकोन नवऱ्याच्या छातीवर लावून पाहिला आणि मनापासून हसली.

"चला, सलूनमध्ये दाखवून या," ती म्हणाली. सोबत येते, असं मात्र म्हणाली नाही.

कारागीर एकटाच निघाला. चौकोन हातात धरून, रस्त्याच्या मधून, वरात निघाल्यासारखा. सलूनमध्ये भाचा एकाची दाढी करत होता. मामाला बघून त्याने वस्तरा खाली ठेवला, आणि निम्म्या गालाला फेस असलेलं गिऱ्हाईकसुद्धा खुर्चीतून उठून बघायला आलं.

"मामा, हे तुम्ही शिवलंत?"

"मीच. आणि आता अख्खी गोधडी करणार आहे," कारागीर म्हणाला. "निळं कापड कमी पडतंय. गिऱ्हाइकाच्या गळ्यातली ही निळी चादर जरा सोड बघू."