माझा हिरवा किरण आणि गंजलेली झडप

मित्रांनो, मी एक जुने लेसर यंत्र आहे. माझी उभी हयात एका लहान विमानाच्या पोटात गेली. तळाच्या काचेतून मी समुद्रात हिरवा किरण सोडत असे. पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारी शेवाळे तरंगतात आणि हवेतून आलेला कार्बन गिळतात. ती जितकी दाट, तितका माझा उजेड मागे फिरे. त्यावरून समुद्राने किती कार्बन पोटात घेतला, याचा अंदाज ताई बांधत. ताई म्हणजे मला घडवणाऱ्या संशोधक. विमान त्यांचे थोरले भाऊ, दादा, चालवत.

मला मात्र सदैव एकच धास्ती असे. माझा किरण कुणाच्या डोळ्यांत गेला तर? तो नजर हिरावू शकतो. म्हणून माझ्या तोंडावर झडप बसवली होती. खाली होडी दिसली की ती मिटायची. सुरुवातीला ताई तिला निगुतीने पुसत. पुढे माझे नाव झाले, पाहुण्यांची रीघ लागली आणि झडपेकडे काणाडोळा झाला. खाऱ्या वाऱ्याने तिचे सांधे गंजले.

एका धुरकट दुपारी माझा उजेड मागे येईनासा झाला. खालचा समुद्र जणू उपाशी होता. शेवाळे नसलेला हाच पट्टा ताई कित्येक महिने शोधत होत्या. तेवढ्यात धुक्यातून होडी पुढे आली. तिच्यातली माणसे माना वर करून आमच्याकडेच बघत होती.

"झडप मिटव," दादा म्हणाले.

ताईंनी बटण दाबले. झडप अर्ध्यावर अडकली.

"मिटत नाही रे, दादा."

"मी वळवतो. घट्ट धर."

विमान कुशीवर कलंडले. धरून बसायचे सोडून ताई कमरेचा पट्टा काढून उठल्या, आपटल्या, मनगट मोडले. तरी दुसऱ्या हाताने त्यांनी माझी वायर उपटली. मी विझले. उशीर तर झाला नसेल? मला घाम फुटायचीही सोय नव्हती.

दादांनी लगेच बंदरावर कळवले. होडीतल्या सगळ्यांचे डोळे तपासले गेले. विमान उतरल्यावर निरोप येईपर्यंत दादा माझ्याशेजारी बसून ताईंचे मनगट बांधत होते. सगळ्यांची नजर शाबूत होती.

"मोजमाप गेलं गं," दादा म्हणाले.

"जाऊ दे. समुद्र तिथंच आहे. डोळे कुठून आणले असते?"

आता मी कपाटात असते. माझ्या जागी नवे यंत्र उडते. मित्रांनो, त्याचे कौतुक जरूर करा; पण आधी त्याची झडप पुसा. खाली कुणीतरी मान वर करून बघत असते.