काचेच्या कपाटातला सुरय

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मला काचेच्या कपाटातून बाहेर काढलं. एकोणतीस वर्षांनी कुलूप उघडलं, तेही तेल सोडल्यावर.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पक्षी आहे. सुरय हा समुद्रपक्षी वाळूवर थव्याने अंडी घालतो आणि जिथे आपल्यासारखं कुणी बसलेलं दिसतं तिथेच उतरतो. आमच्या किनाऱ्यावरून हे पक्षी नाहीसे झाले. त्यांना परत बोलावण्यासाठी नावा बांधणाऱ्या सुतारकाकांनी उरलेल्या फळ्यांतून आम्हा सात भावंडांना कोरलं. चोच, मान, पंखांची घडी, कशातच खोट नव्हती. मग काकांनी नावेला देतात तसे व्हार्निशचे तीन हात दिले. पाण्याजवळ जाणारं लाकूड ते कोरडं सोडत नसत. आम्ही उन्हात असे चकाकलो की वरून येणारे पक्षी बिचकून लांब निघून गेले.

माणसं मात्र भुलली. बर्फाच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी गावाला वस्तुसंग्रहालय बांधून दिलं होतं. तिथे आमची रवानगी झाली. सुरुवातीला आम्हाला पाहायला शाळांच्या रांगा लागत. पुढे सहा भावंडं वाळवीने नेली. उरलो मी आणि माझ्या पाठीवरची धूळ.

यंदा मालकीणबाईंनी किनाऱ्यावरची आपली वाळूची जागा नव्या कलादालनासाठी द्यायचं ठरवलं. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी लहानपणी त्याच वाळूवर सुरयांचे थवे पाहिले होते. त्या तडक भांडायला गेल्या.

"कलादालन तुझ्याच मुलांसाठी आहे ना? मग पक्षी कुठे आहेत ते दाखव," मालकीणबाई म्हणाल्या. "अंड्यांचा मोसम संपेपर्यंत एक जरी पिल्लू दिसलं, तर जागा त्यांची."

म्हणून बाईंनी मला कपाटातून सोडवलं आणि सुतारकाकांच्या दारात नेलं. काका आता ऐंशीचे आहेत.

"काका, याची चकाकी उतरवायची आहे."

"का? इतक्या वर्षांत एका नावेनं तक्रार केली नाही."

"नावा अंडी घालत नाहीत, काका."

काका बराच वेळ मला उलटसुलट करून पाहत राहिले.

"म्हणजे ते माझ्यामुळे आले नाहीत?"

बाईंनी पिशवीतून काचपेपर काढून ओट्यावर ठेवला.

"बोल की! तोंडात मूग धरलेत का?" मग स्वतःच म्हणाले, "आण तो काचपेपर. आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

दोन दिवस ते मला घासत होते. पाठीवरचा शेवटचा चकाकता डाग गेला तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि भुसा गेला म्हणाले. बाईंनी रंगात खडूची पूड कालवून मला राखाडी अंग आणि काळी टोपी दिली. मग मला वाळूवर बसवून भोवती दोरी बांधली.

नवव्या दिवशी एक नर उतरला. त्याने माझ्यासमोर चिमुकला मासा ठेवला. ही सुरयांची मागणी घालायची रीत. मी काय उत्तर देणार? तो तासभर ताटकळला आणि मासा स्वतःच गिळून उडाला. दुसऱ्या दिवशी त्याला खरी जोडीदारीण मिळाली. आठवड्याने माझ्यापासून दीड हातावर दोन अंडी होती. काका लांबून पाहायचे आणि परत जायचे.

मित्रांनो, तुम्हीही या, पण दोरीपलीकडेच थांबा. वाळूच्या रंगाचं अंडं पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. जवळून काढलेला फोटो पक्ष्यांच्या कामाचा नसतो. काल दुपारी सव्वाचारला एक चेंडू आत आला, तो आणायला तिघे धावत आले, आणि जोडी उडाली.

अंडी पायाखाली आली नाहीत, पण ऊब मिळाली नाही तर त्यांतून पिल्लं निघणार नाहीत. जोडी उडाल्याचं मालकीणबाईंना कुणी अजून कळवलेलं नाही. आज सकाळी आठपर्यंत एकच पक्षी परतला आहे. तो अंड्यांवर बसलेला नाही, माझ्या शेजारी उभा आहे.