तिन्ही सोल सारखेच

बुटातून काढलेल्या उजव्या इनसोलवर, आतल्या मऊ तळावर, अंगठ्यामागच्या उंचवट्याखाली, मुगाच्या दाण्याएवढा खळगा होता. खळग्यात फोमचा थर फाटला होता आणि भोवतीचं कापड तपकिरी, कडक झालं होतं. डाव्या इनसोलवर असं काही नव्हतं. मी उजवा खिडकीशी नेऊन नखानं खरवडून पाहिला. माती नव्हती. माती धाग्यात अशी मुरत नाही.

बूट आईचे होते. उजवा उलटा करून झटकला तर एक टोकदार खडा फरशीवर पडला.

"आई, बुटात खडा होता."

"असेल. मैदानातली खडी उडते." तिनं पेपरातून मान वर केली नाही.

"टोचला नाही?"

"टोचू नये म्हणूनच एवढा भारी सोल घेतलास ना? मग आता तक्रार कसली?"

उत्तर बिनतोड होतं. पण ते आधीच तयार करून ठेवल्यासारखं आलं, आणि मला ते आवडलं नाही.

आई बायकांना गाडी शिकवते. तिच्या गाडीत डाव्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच आहेत. शिकणारी गोंधळली की आईचा उजवा पाय गाडी थांबवतो. आजवर त्या पायाच्या भरवशावर शेकडो बायका धडपणे घरी परतल्या आहेत. मागच्या हिवाळ्यात तिच्या तळव्यांची आग व्हायला लागली, टाच दुखायला लागली, म्हणून मी तिला इनसोलच्या दुकानात नेलं. त्यानंतर दुखण्याचा विषयच निघाला नाही. इनसोलचा गुण आला असं मी धरून चालले. मी काम करते त्या प्रयोगशाळेतल्या दोघीतिघींना त्या दुकानाचा पत्ताही दिला.

आता पहिला संशय दुकानदारावर गेला. हलका माल गळ्यात मारला असणार. सुट्टीच होती. इनसोल पिशवीत घालून मी दुकान गाठलं.

दुकानदारानं तो दोन्ही हातांनी वाकवला, दाबला, उलटा करून पाहिला. "ताई, माल खराब असता तर जोडीतले दोन्ही बसले असते. ह्याच्यावर काहीतरी टोकदार होतं आणि माणूस त्यावर उभा राहिलाय. बराच वेळ."

"आणि हाच सोल योग्य, हे कशावरून ठरवलंत?"

"मी कुठे ठरवलं? तुम्ही बाहेर फोनवर बोलत होतात, तेव्हा मी त्यांना तीन घालून चालवलं. एक कडक, कमानीखाली उचललेला. एक जेलचा. आणि हा फोमचा. कडकवाला पहिल्यांदा घातला की भलेभले तोंड वाकडं करतात. तुमच्या आई म्हणाल्या, तिन्ही सारखेच आहेत, ह्यातला बरा रंग असेल तो दे." तो हसला. "मला वाटलं, त्यांना घरी जायची घाई आहे."

काउंटरवर तिन्ही नमुने पडले होते. मी डोळे मिटून त्यांवरून अंगठा फिरवला. एकावरून दुसऱ्यावर गेलेलं न कळणं शक्यच नव्हतं.

परतताना मी टेलरबाईंच्या दुकानात शिरले. त्या सध्या आईकडे शिकत होत्या. ब्लाउजचं निमित्त पुढे केलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणते गाडी?"

"गाडी काय म्हणणार? मॅडमच म्हणतात, आणि जोरात म्हणतात!" त्यांनी दात लावून दोरा तोडला. "पण एक सांगू? हल्ली मॅडम ब्रेक मारायच्या आधी खाली बघतात. पाय कुठेय ते बघतात, मग मारतात. मी म्हटलं, आम्हाला तर समोर बघा म्हणून ओरडता. तर म्हणाल्या, तू तुझ्या सुईकडे बघ!"

त्या खदखदून हसल्या. मला हसता आलं नाही.

घरी आल्यावर मी आईसमोर जमिनीवर बसले आणि तिचे पाय मांडीवर घेतले. उजव्या तळव्याला, खळग्याच्या जागी, जखम होती. कडा पांढऱ्या पडलेल्या. ती तिनं पाहिलीसुद्धा नसावी.

"डोळे मीट. मी बोटाला हात लावते, कुठलं ते सांग."

"हे काय आता? बोटं मोजायला घेतलीस माझी?"

"मीट ना."

मी अंगठ्याला हात लावला. "अंगठा," ती म्हणाली. शेजारच्या बोटाला लावला. "त्याच्या शेजारचं." बरोबर होतं. पण दोन्ही वेळा उत्तर क्षणभर उशिरा आलं. तिला क्रम ठाऊक होता. मी दोन्ही हात मागे घेतले आणि काहीच केलं नाही.

"आता?"

"मधलं," आई ठामपणे म्हणाली.

"आता?"

"करंगळी. झालं समाधान?"

"डोळे उघड."

तिनं माझे छातीशी आवळून धरलेले हात पाहिले. मग स्वतःचे पाय पाहिले.

"लबाड आहेस तू," ती म्हणाली.

"मी? कधीपासून आहे हे?"

"आग थांबली तेव्हापासून. तू दुकानात नेलंस त्याच सुमारास. मला वाटलं, सुटले एकदाची. मग एकदा एका पायातली चप्पल गळून पडली आणि मी तशीच कोपऱ्यापर्यंत चालत गेले. लोक बघायला लागले तेव्हा कळलं."

"आणि तरी गाडीत बसतेस?"

"बघून मारते ना ब्रेक! झालंय का आजवर काही?"

"समोर पोर आलं तर खाली बघणार की वर?"

तिनं पाय माझ्या मांडीवरून काढून घेतले. "डॉक्टर काय सांगणार ते मला माहीत आहे, म्हणूनच गेले नाही. रोज म्हणते, हा आठवडा संपू दे. क्लास बंद केला तर करू काय मी? तुझ्या डब्यांना झाकणं लावत बसू?"

जखम धुवायला मी पाणी आणायला उठले, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

"मॅडम, चला!" टेलरबाई बाहेरूनच ओरडल्या. "आज चढावर न्यायचं कबूल केलंत. पळवाट चालायची नाही!"

आई उठली. सवयीनं किल्ली उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

"तू गप्प बस," ती म्हणाली आणि स्वतः जाऊन दार उघडलं. टेलरबाई ओढणी कमरेला खोचून तयार उभ्या होत्या.

"आत ये, बस," आई म्हणाली. "माझ्या पायाला ब्रेक कळेनासा झालाय. आजपासून मी कुणालाही गाडी शिकवणार नाही."