भाताचे मुके

माझं माहेर मिठागराचं. आमच्या गावात हिरवं असं फारसं काही उगवायचंच नाही, त्यामुळे तण म्हणजे काय ते लग्न होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. बेलापूरच्या खाडीकाठच्या गावात सून म्हणून आले, आणि पहिल्याच आषाढात सासूबाईंनी, भागीरथीआईंनी, मला शेताच्या बांधावर नेऊन उभं केलं.

"यातलं भात कोनतं आनि सावा कोनता, सांग."

मी पाहिलं. सगळं हिरवं, सगळं लांब, सगळं वाऱ्यावर डुलणारं. "सगळं भातच दिसतंय," मी म्हणाले.

"मंग तू बांधावरच बस," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

सावा हे भाताचंच रूप घेऊन आलेलं गवत. भाताबरोबर उगवतं, भाताचं खत खातं आणि भाताच्या आधी पिकून आपलं बी सांडून मोकळं होतं. आईंनी मला खूण सांगितली होती, पण एका दमात, जाता जाता. पान काडीपासून जिथे सुटतं तिथे बगलेत नख लावून बघायचं. भाताच्या बगलेत एक पांढरा पातळ पापुद्रा असतो आणि शेजारी बारीक केस. साव्याची बगल साफ टकली. एवढं सांगून झालं, आणि पुढची दोन वर्षं त्यांनी मला निंदणीला हात लावू दिला नाही. लावणी कर, कापणी कर, भारे वाहा, पण निंदणी त्यांची. मला त्याचा राग होता आणि तो मी लपवतही नव्हते. भांडी जरा जोरातच घासायचे.

एकोणऐंशी साली माझ्या नणंदेचं, पुतळाचं, लग्न माघात ठरलं. त्याच सुमारास सरकारी माणसं येऊन नव्या शहरासाठी शेतं मोजून गेली, दगड पुरून गेली. हे बहुतेक शेवटचं पीक, हे सगळ्यांना कळलं होतं, फक्त कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं. आईंनी मात्र एक गोष्ट मोठ्याने सांगून टाकली. पुतळाच्या लग्नाच्या भाकऱ्या आपल्या शेतातल्या रात्याच्याच होणार. राता म्हणजे आमचं खाऱ्या जमिनीतलं लाल भात. "दुकानच्या तांदळाची भाकर माज्या मांडवात नको," त्या म्हणाल्या.

आणि श्रावणात शेव्याहून, थोरल्या नणंदेच्या सासरहून, निरोप आला. तिचे दिवस भरत आले होते, पाय सुजले होते, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं होतं. आईंना जावंच लागलं. पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"शेत तुज्या हवाली, काशे. सावा राहिला तर पुतळाच्या भाकरीत कचकच लागंल. आनि गाव मना नाय, तुना हसंल."

निंदायला बायका मिळेनात. सगळ्या ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांत डबा घेऊन जायला लागल्या होत्या. ज्या घरी गेले तिथे एकच उत्तर, रविवारी बघू. मी रडकुंडीला आले होते, तेवढ्यात आमचे हे पाठीवरचा पंप घेऊन घरी आले. यांचं नाव गोटीराम. तेव्हा घेत नसे, आता बिनदिक्कत घेते. तुर्भ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते, आणि तिथे लागल्यापासून त्यांचा रसायनावर देवापेक्षा जास्त भरवसा.

"टेन्शन घेऊ नको," ते म्हणाले. "पनवेलच्या दुकानदारानं सांगितलंय. रुंद पानाचं सगळं मरनार, बारीक पानाचं राहनार. भाताचं पान कसं हाय? बारीक. झालं!"

तोंडाला फडकं, डोक्यावर कंपनीचं हेल्मेट, असा थाट करून यांनी फवारणी केली. आणि खरं सांगते, मलाही मजा वाटली. दोन-चार दिवसांत माका, पाणवेल, गोल पानांचं जेवढं म्हणून होतं तेवढं सगळं पिळलेल्या फडक्यासारखं झालं. गाव बघायला आलं. हे बांधावरून इंजिनियरसारखे हात मागे बांधून हिंडले.

मग माझं लक्ष बांधाकडे गेलं. आईंची काकडी! दरवर्षी बी राखून लावलेली, लेकरासारखी जपलेली. तिची पानं रुंद, केसाळ, औषधाचे उडालेले थेंब तिने सगळे धरून ठेवले होते. वेलाच्या नुसत्या गुंडाळ्या झाल्या होत्या. आणि तिच्या शेजारीच डबक्याकाठचा अळू ताटाएवढी पानं पसरून मजेत उभा.

"याला कोनी सांगितलं नाय वाटतं रुंद पानानं मरायचं असतं ते?" मी विचारलं.

हे डोकं खाजवत म्हणाले, "त्याच्या पानावर थेंबच ठरत नाय ना. घरंगळतो. दुकानदार बोलला होता पान्यात साबन घाला, म्हंजे चिकटतं. मी विसरलो."

"बरं केलंत. अळू तरी वाचला."

काकडीचं दुःख गिळलं, कारण शेत मात्र झकास दिसत होतं. पाऊस लागून राहिला, औषध कधीच धुऊन गेलं आणि शेत दिवसेंदिवस दाट होत चाललं. हे म्हणाले, बघ, औषधानं भाताला जोर आला. मीही खूश. आईंना दाखवीन म्हणून मनात मांडे खात होते.

एका सकाळी म्हशीला गवत कापायला गेले आणि सहज एका काडीच्या बुंध्याशी हात गेला. बुंधा तांबूस, भातासारखा हिरवा नाही. पान वाकवलं. बगल टकली. शेजारचं वाकवलं, तेही टकलं. त्याच्या शेजारचं भात निघालं, आणि पुन्हा दोन टकली. औषधाने रुंद पानाचं सगळं घालवलं आणि साव्याला मोकळं रान करून दिलं होतं. बिचाऱ्या औषधाचा तरी काय दोष? ते नाव विचारत नाही, पान बघतं. बारीक पान दिसलं की त्याला भात आणि सावा सारखेच. पहिल्या आषाढात मला दिसले होते तसे.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "दुसरं कायतरी औषध बघू का?"

"तुमी आता पंप धुऊन माळ्यावर ठेवा," मी म्हणाले.

सावा निसवायच्या आत काढायचा होता. एकदा त्याची कणसं बाहेर पडून बी सांडलं की संपलं. मी आणि पुतळा शेतात उतरलो. पण चिखल उडून पानांच्या बगला बरबटलेल्या, पापुद्रा दिसेना. नखाने बघावं तर माझी बोटं लहानपणापासून मिठाने फुटलेली, त्यांना केस काय आणि पापुद्रा काय, काही कळेना. घाबरून मी भलतंच उपटीन असं वाटायला लागलं. मग मला माझे बाबा आठवले. ते मिठाचा खडा ओठाला लावून सांगायचे, तयार आहे की अजून दोन दिवस ठेवायचं. मी पान पाण्यात खळबळलं, वाकवलं आणि बगल ओठावरून फिरवली. गुदगुल्या झाल्या! दुसरं फिरवलं, ते गुळगुळीत निसटलं. पहिलं भात, दुसरा सावा. ओठ चुकत नव्हता.

पुतळाने करून बघितलं आणि ती खाली बसून हसायलाच लागली. बांधावरून शेव्याची मासळीवाली डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. ती थबकली.

"काय करताव गो पोरींनो?"

"वहिनी भाताचे मुके घेते!" पुतळा ओरडली. "मी पन!"

मासळीवाली भराभर निघून गेली. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, कारण ती दुसऱ्या दिवशी शेव्याला आईंच्या पुढ्यात बसली होती. तुमच्या सुनेला खाडीवरचं कायतरी लागलंय, तिनं सांगितलं, आणि पोरीलाही लागलंय.

तिकडे नातू सुखरूप जन्माला आला होता. आई लगेच एसटीत बसल्या.

तो रविवार होता. कंपनीतल्या बायका शब्दाला जागून आल्या होत्या, आणि आम्ही सगळ्या शेतात एका ओळीत वाकून पानं ओठाला लावत होतो. अर्ध्याहून जास्त शेत झालं होतं. हे चहाची किटली घेऊन बांधावर उभे. मान वर केली तर समोर आई. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात लिंबू. दृष्ट उतरवायच्या तयारीनेच आल्या होत्या.

आईंची नजर आधी बांधावर गेली. "माज्या काकडीला काय झालं?"

हे किटली सावरत म्हणाले, "आई, तिचं पान रुंद होतं."

आईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हे चहा आणायला पुन्हा घरी गेले, किटली भरलेली असताना.

मग आई उपटून टाकलेल्या ढिगाशी बसल्या आणि एकेक काडी उचलून बघायला लागल्या. त्या सावा शोधत नव्हत्या. मी चुकून उपटलेलं भात शोधत होत्या. मी गुडघाभर चिखलात उभी होते. दोन वर्षं बांधावर बसवलं होतं, आता कायमची बसवतील, असंच वाटत होतं. ढीग इकडचा तिकडे झाला. तळाशी त्यांना भाताच्या तीन काड्या सापडल्या. त्या घेऊन उठल्या, चिखलात उतरल्या आणि अंगठ्याने दाबून पुन्हा लावून टाकल्या.

"मी नखानं बघाया सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ह्ये कुटून शिकलीस?"

"बाबा मीठ असंच बघायचे."

त्यांनी एक पान वाकवलं आणि स्वतःच्या ओठावरून फिरवलं. नाक आक्रसलं, मग ओठ हलले. हसू त्यांना आवरलं नाही. नारळ माझ्या हातात दिला. "जेवनाला चटनी कर. लिंबू सरबताला." आणि लुगड्याचा काष्टा आवळून ओळीत माझ्या शेजारी येऊन वाकल्या.

माघात पुतळाचं लग्न झालं. घराला चुना यांनी त्याच पंपाने मारला, तो तसा तरी कामाला आला. चुलीवरची पहिली लाल भाकरी आईंनी मोडली आणि डोळे मिटून चावत राहिल्या. कचकच कुठेच नव्हती. शेजारी विहीणबाई बसल्या होत्या, त्यांना आई म्हणाल्या, "आमच्या काशीनं निंदलेलं हाय." मी मांडवाच्या मागे जाऊन पोटभर रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पुढल्या उन्हाळ्यात शेतात मुरुमाचे ट्रक आले. सगळं सपाट झालं, कुंपण झालं, इथे ऑफिस होणार म्हणून पाटी लागली. पावसाळ्यात आम्ही दोघी बाजाराला चाललो होतो तेव्हा आई कुंपणाशी थांबल्या. मुरुमातून हिरवं वर आलं होतं. त्या आत शिरल्या, मागोमाग मी. आईंच्या डोळ्यांत तेव्हा नुकता मोतीबिंदू पडायला लागला होता.

"मना दिसत नाय," त्या म्हणाल्या. "बघ गो, यात भात हाय का?"

मी गुडघे टेकले. एक पान वाकवलं, ओठाला लावलं. गुळगुळीत. दुसरंही तसंच. तिसऱ्याला गुदगुल्या झाल्या.

"राता हाय, आई."

त्या माझ्या शेजारी बसल्या आणि त्याच्या भोवतीचा सावा उपटायला लागल्या. मीही लागले. पलीकडून वॉचमन धावत आला, काय चाललंय म्हणून विचारायला लागला.

"निंदताव," आई मान वर न करता म्हणाल्या. "तू तुजं काम कर."