साखरेच्या पाण्यातला दिवा

साखरेच्या पाण्यात दिवा लागला आणि माणिकप्पाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

लागायला नको होता. एकतीस वर्षांत एकदाही लागला नव्हता. लातूरच्या ह्या कॉलेजात माणिकप्पा प्रयोगशाळेचा परिचर. शिक्षण दहावी नापास, पण हा प्रयोग त्याला आरतीसारखा पाठ.

कॉलेजात पोरं नावालाच होती. ॲडमिशन इथं, बूड खासगी क्लासमध्ये. चार वर्षांत एकानंही परीक्षानळी धरली नव्हती; रबरी नळ्यांचा अभ्यास तेवढा उंदरांनी पूर्ण केला होता. आता प्राचार्य ही खोली मोडून सराव परीक्षांचा हॉल करायला निघाले होते. नांदेडहून तपासणीला आलेल्या साहेबांनी 'प्रयोगशाळा चालू आहे' असं लिहिलं, तरच ती वाचणार होती. म्हणून माणिकप्पानं हातापाया पडून एक प्रयोग दाखवायची परवानगी काढली होती.

सुरुवात झकास झाली होती. मिठाच्या पाण्यात तारा बुडवल्या, सेलवरचा बारका लाल दिवा लखलखला.

"मिठात एक देनारा, एक घेनारा, सायेब. पान्यात पडले की दोघं फारकत घेत्यात आन् सुटे फिरत्यात. तेच वीज वाहून नेत्यात. साखरंचं तसं न्हाई. तिच्यात सामायिक सातबारा. विरघळली तरी आतलं कुनी वाटनी मागत न्हाई. वीज नेनार कोन? दिवा लागतच न्हाई!"

आणि लागला.

"हे काय हाय मग?" साहेबांनी विचारलं.

"आपल्याकडची साखर लई पावरबाज, सर," प्राचार्य म्हणाले.

माणिकप्पानं ग्लास विसळला, नवं पाणी घेतलं, नवी साखर टाकली. दिवा लागला. घाम पुसत त्यानं नुसत्या पाण्यात तारा बुडवल्या. तरी लागला.

"मीठ नको, साखर नको," साहेब खुर्चीत हलून हलून हसले. "लोडशेडिंगवर विलाज सापडला की, आप्पा!"

माणिकप्पा कॅनकडं बघत राहिला. कालच पाशामियाँच्या बॅटरीच्या दुकानातून त्यानं शुद्ध पाण्याचा हा कॅन सायकलवर आणला होता. बोअरच्या खाऱ्या पाण्यात दिवा आपोआप लागतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर आणला.

एवढ्यात शिपाईण महानंदा चहा घेऊन आली. साहेबांनी घोट घेतला. "वा! लातुरात असला चहा? बोअरच्या पाण्याचा न्हाई हा."

"न्हाई सायेब. त्यानं मचूळ लागतोय. ह्या कॅनात चांगलं पानी व्हतं, तेच काढून घेतलं," महानंदा खुलून म्हणाली. "आन् रिकामा दिसू न्हाई म्हनून बोअरचं भरून ठिवलं."

"सायेब! हेच! खार हाय बोअरच्या पान्यात! माजं बॅटरीचं पानी चहात गेलं!"

साहेबांनी कपात पाहिलं.

"काही होत न्हाई सर, गाडी लवकर चालू व्हईल," प्राचार्य म्हणाले.

"आप्पा," साहेबांनी कागदावर सही केली, "चहात कोनतं पाणी व्हतं ते लिहायला हितं रकाना न्हाई."

गाडी गेली. प्राचार्य जाताजाता दारातूनच म्हणाले, "सोमवारपासून हॉलच्या दारात बसा. पोरांचे मोबाईल गोळा करायचे."

महानंदा कप उचलायला आली. "माजं चुकलं का ओ, आप्पा?"

"न्हाई ग माय."

"तांब्याभर उरलंय ते पानी. सायेब परत आले तर म्हनून ठिवलं व्हतं."

माणिकप्पानं तांब्या घेतला. ग्लास त्याच पाण्यानं दोनदा विसळला, भरला. साखर टाकली, ढवळली, विरघळू दिली. तारा सोडल्या.

दिवा लागला नाही.

महानंदानं वाकून पाहिलं. "बिघडलं का मंग?"

"न्हाई. बराबर हाय."

बाहेर हॉलची बाकडी टेम्पोतून उतरत होती. एक बाकडं दारात अडकलं, कुणीतरी 'ओ मामा, सरका' म्हणालं. माणिकप्पा सरकला नाही. दोन्ही तारा न हलू देता धरून तो त्या विझलेल्या दिव्याकडं बघत राहिला.