जरा अलीकडे घे

मला चित्रकलेची हौस लागली, असं नातेवाईक सांगत फिरतात. भाऊ बुडाला आणि ही रंग खेळत बसलीय, हेही त्यांचंच. मी बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलते. संध्याकाळपर्यंत बोटं माझी उरत नाहीत, हौस कसली करणार.

खरं कारण आई. दादाची होडी दुसऱ्या मच्छीमारांनी ओढत आणली, रिकामी. आई ती बघायला गेलीच नाही. पण दिवस कलला की धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहायची. एकदा शेवाळावरून घसरली. लोकांनी दंडाला धरून घरी आणली आणि मलाच सुनावलं, म्हातारीला कोंडून ठेव. हेच लोक इतके दिवस तिला सांगत होते की आशा सोडू नका. यांच्या जिभेला हाड नाही आणि खिशाला चाट नाही.

कोंडणं मला जमणार नव्हतं. म्हणून बंदरच घरात आणायचं ठरवलं.

ज्या मास्तरांकडे चित्र शिकायला गेले, ते पूर्वी सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, तैलरंग लवकर वाळत नाही, चुकलं तर फडक्यानं पुसायचं, रडायचं नाही. माझं पहिलं आभाळ भांडी पुसायच्या फडक्यासारखं झालं. तरी आई समोर येऊन बसली. धक्का ओळखला, दिव्याचा खांब ओळखला. मग विचारलं, दादाची होडी कुठाय?

मी पार लांब, आभाळाच्या कडेला एक ठिपका ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "जरा अलीकडे घे."

रंग ओलाच होता. पुसला, अलीकडे काढला. मग रोज तेच. आईचं धक्क्यावर जाणं थांबलं. मी मुद्दाम चिमूटभरच सरकवायची, कारण होडी लागली की चित्र संपणार आणि आई परत त्या टोकावर. तिला ते कळायचं. तुझ्या हातात वल्हं असतं तर पोरगा वाटेतच म्हातारा झाला असता, म्हणाली. हसलो आम्ही. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुसलेला रंग पुरता जात नाही. पाण्यावर राखाडी डागांची वाट उमटली. मास्तरांना दाखवायला नेलं तर चिडले, पाण्याचा चिखल केलास म्हणाले. मग मान तिरकी करून म्हणाले, उदासी मात्र झकास आलीय. मी फडकं आपटून घरी आले. उदासी म्हणे.

शेवटी होडी लागलीच. आई म्हणाली, बांध तिला. ओल्या रंगावर दोराची रेघ फाटते, थांबावं लागलं. आम्ही दोघी रंग वाळायची वाट बघत बसायचो. तेवढे दिवस मला झोप लागली.

दोर काढला त्या संध्याकाळी आईनं स्टूल पुढे ओढलं.

"माणूस कुठाय?"

मला माणसं काढता येत नाहीत, हे ओठावर आलं होतं. पण मास्तरांनी शिकवलं होतं, दोन फटकारे आणि वर एक ठिपका. क्षणाचं काम. मग ती म्हणणार, उतरव त्याला. मग म्हणणार, गल्लीत आण, दारात आण.

"येतो काढता," मी म्हणाले. "पण काढणार नाही. आई, होडी रिकामीच आली."

ती त्या राखाडी डागांवरून बोट फिरवत लांबून धक्क्यापर्यंत आली. बोट बघितलं, पदराला पुसलं. मग उठून चपला घातल्या. मी दार अडवलं.

"सर बाजूला. धक्क्यावर नाही जात. खरी कुठे ठेवलीय, ते दाखव."

कारखान्याच्या मागे, मी सांगितलं. पालथी घातलीय. रोज तिच्या शेजारून मान वळवून कामाला जाते मी.

"पालथी?" आई उंबऱ्यावर थांबली. "मग चल. मला एकटीला सुलटी करता यायची नाही ती."